ट्रंकेतली कार्डं आणि हरवलेले मेल

परवा मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी जुनी कागदपत्रं काढायला बसले. मंडळ म्हणजे आमचं साताऱ्याचं, पन्नास-साठ जणांचं. दरमहा एक व्याख्यान, कोजागरी आणि वर्षाकाठी एक सहल, एवढाच पसारा. कार्यालय नाही. जो चिटणीस असेल त्याच्या घरी पत्र्याची ट्रंक जाते, ती सध्या माझ्या पलंगाखाली आहे.

पहिल्या पंचवीस वर्षांचं जवळजवळ सगळं सापडलं. त्यात सर्वांत जास्त काय असेल तर पोस्टकार्डं, आणि तीही आमच्या सभासदांची नव्हेत, वाई, कऱ्हाड, कोरेगावच्या मंडळांची. "14 तारखेस पुण्याहून वक्ते आमच्याकडे येत आहेत. 15 ला आपणांस हवे असल्यास उलट टपाली कळवावे." यात समाजसेवेपेक्षा हिशेब अधिक होता. एका वक्त्याचा एसटीचा खर्च दोन मंडळांत वाटला की दोघांचंही भागायचं. पण कार्ड जायला दोन दिवस, उत्तर यायला दोन दिवस. त्यात समोरचा चिटणीस लग्नाला गावी गेलेला असला की वक्ते आपले परत पुण्याला! एका रविवारी तर साताऱ्यात आणि कोरेगावात एकाच वेळी शिवचरित्रावरच व्याख्यानं झाली, आणि दोन्हीकडे निम्म्या खुर्च्या रिकाम्या.

आपल्याकडे पोस्टकार्ड आलं 1 जुलै 1879 रोजी, पाव आण्याला. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती 1875 ची, म्हणजे आपली व्याख्यानांची हौस कार्डापेक्षाही चार वर्षांनी मोठी! पण पुढे गावोगावच्या मंडळांना एकमेकांशी बांधून ठेवलं ते या कार्डानंच, असं मला ट्रंक उपसताना वाटलं. वार्षिक सभेची नोटीस मात्र यूपीसीने जायची. पोस्टात यादीवर शिक्का मारून घेतला की 'मला कळलंच नाही' म्हणणाऱ्याचं तोंड बंद. ती सोयही 2011 मध्ये गेली. सभासदांची पत्रकं सायक्लोस्टाइल करायची, आणि मी शाळेत असल्यामुळे स्टेन्सिल कापणं माझ्याकडे. अक्षर चुकलं की नेलपॉलिशसारखं लाल औषध लावायचं आणि फुंकर घालत बसायचं. नाक भरून जायचं त्या वासानं.

2000 साली मुलीकडे न्यू जर्सीला गेले तेव्हा वेगळंच पाहिलं. उत्तर अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांनी 1981 मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन केलं, त्यांचं 'वृत्त' दरमहा निघायचं. पण महाराष्ट्रातून नाटक आलं तर प्रयोग फक्त शनिवार-रविवारी, या आठवड्यात एक गाव, पुढच्या आठवड्यात दुसरं. त्यामुळे कुणाच्या तारखा कुठे लागल्यात हे शेजारच्या मंडळाला लगेच कळायला हवं. (आपली संक्रांत तिथे सोयीच्या शनिवारी येते, हेही तेव्हाच कळलं.) मुलीच्या ओळखीतली मंडळाची चिटणीस रात्री मुलांना झोपवून संगणकापुढे बसली आणि एका पत्रात दहा गावांना कळवून मोकळी झाली. मी नुसती बघत राहिले.

परत आल्यावर आमच्या तेव्हाच्या चिटणीसांना सांगितलं. ते तारखात्यातून निवृत्त झालेले, सगळे त्यांना तारमास्तरच म्हणत. विदेश संचार निगमानं 15 ऑगस्ट 1995 ला सामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं होतं, पण आमच्या वयाच्या माणसांपर्यंत ते पोचलं सायबर कॅफेतून, तासाचे पैसे मोजून. तारमास्तरांनी एका आठवड्यात मोफत खातं उघडलं. त्यांचे मेलही तारेसारखेच. "वक्ते निश्चित. रविवार सहा. गाडी आमची. उत्तर पाठवा." तासाचे पैसे वाचायचे ना!

मराठी मात्र लिहिता येईना. तेव्हा प्रत्येक फाँटवाल्याची अक्षरांची मांडणी निराळी, त्यामुळे आपण पाठवलेलं पत्र कऱ्हाडला नुसती चिन्हांची रांगोळी होऊन उमटे. युनिकोड सर्रास होईपर्यंत इंग्रजी अक्षरांतच मराठी लिहावं लागे. 'वारीचे अनुभव' असं एक व्याख्यान होतं. वाईच्या एका काकूंनी ते 'वरीचे अनुभव' वाचलं आणि उपवासाचे पदार्थ उतरवून घ्यायला वही घेऊन आल्या. थांबल्या मात्र शेवटपर्यंत.

एक सांगायला हवं. ज्यांच्याकडे मेल नव्हता अशा अकरा सभासदांना तारमास्तर शेवटपर्यंत कार्डच टाकत. त्यांच्यानंतर मी चिटणीस झाले आणि ते थांबवलं. त्यातल्या एक बाई पुढे भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "मंडळ बंद पडलं का हो?" काय उत्तर देणार!

तारमास्तर 2014 मध्ये गेले. खात्याचा पासवर्ड त्यांनाच ठाऊक होता. तो विचारून ठेवायचं मला सुचलं नाही, आणि न वापरलेलं खातं केव्हा पुसलं गेलं तेही कळलं नाही. ट्रंकेत 2001 नंतर नुसत्या पावत्या आहेत. 1978 च्या कोजागरीला दूध किती लिटर आणलं ते मला सांगता येतं, 2004 मध्ये व्याख्यानाला कोण आलं होतं ते नाही.

मग कऱ्हाडच्या मंडळाचे जुने चिटणीस आठवले. आलेला प्रत्येक मेल ते छापून बॉक्स फाइलला लावत. आम्ही त्यांना किती हसलो होतो! गेल्या आठवड्यात एसटीनं कऱ्हाडला गेले. नव्वदीला आलेत, नीट ऐकू येत नाही. फाइल मात्र लगेच काढून दिली. शाई फिकी झालीय, पण वाचता येतं. आम्ही त्यांना पाठवलं होतं म्हणून ते तिथं उरलं. "वक्ते आजारी. तुमचे पाठवा. चहा आमचा." हे वाचताना मला तारमास्तरांचा आवाजच ऐकू आला. चहा थंड होईपर्यंत मी ती पानं उलटत होते.

झेरॉक्स आणल्या आहेत. फक्त 2006 ते 2009 ची पानं नाहीत, त्या काळात त्यांचा प्रिंटर बिघडला होता. कोरेगाव-वाईकडच्या कुणा नातेवाइकांकडे आमच्या मंडळाचे त्या वर्षांतले मेल असतील तर बघाल का? स्मरणिका दिवाळीनंतर छापायला जाईल.