ग्रहांवर ऋतू कशामुळे होतात?

पृथ्वी सूर्याजवळ गेली की उन्हाळा आणि दूर गेली की हिवाळा, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे नागपुरात कडाक्याची थंडी पडते त्या सुमारास. तेव्हा हे अंतर सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटर असते. जुलैच्या प्रारंभी ते सुमारे १५ कोटी २१ लाख किलोमीटर होते. अंतर हेच ऋतूंचे कारण असते, तर संपूर्ण पृथ्वीवर एकाच वेळी उन्हाळा आला असता. परंतु आपल्याकडे हिवाळा असतो, तेव्हा ऑस्ट्रेलियात उन्हाळा असतो.

ऋतूंचे मूळ पृथ्वीच्या कललेल्या अक्षात आहे. हा अक्ष कक्षेच्या प्रतलावरील लंबाशी सुमारे २३.४ अंशांचा कोन करतो आणि वर्षभर अवकाशात जवळजवळ एकाच दिशेने रोखलेला राहतो. त्यामुळे जूनमध्ये उत्तर गोलार्ध सूर्याकडे झुकलेला असतो, तर डिसेंबरमध्ये दक्षिण गोलार्ध. झुकलेल्या गोलार्धावर किरण अधिक सरळ पडतात आणि दिवसही मोठा असतो. याउलट गुरूचा अक्ष जेमतेम ३ अंशांनी कललेला असल्याने तेथे ऋतुबदल फारसा जाणवत नाही.

अंतराचा परिणाम मात्र अगदीच नगण्य नसतो. ग्रहांची कक्षा लंबवर्तुळाकार असते आणि सूर्याजवळ असताना ग्रह अधिक वेगाने फिरतो, हे योहान्स केप्लरने मंगळाच्या निरीक्षणांवरून १६०९ मध्ये मांडले. मंगळाचा अक्ष सुमारे २५ अंशांनी कललेला आहे, म्हणजे जवळपास पृथ्वीइतकाच. पण त्याची कक्षा बरीच लांबट असल्याने त्याचे सूर्यापासूनचे अंतर सुमारे २०.७ ते २४.९ कोटी किलोमीटर असे बदलते. परिणामी, जवळ असताना त्याला दूर असतानाच्या तुलनेत सुमारे ४५ टक्के अधिक सूर्यप्रकाश मिळतो. त्यामुळे मंगळाच्या दक्षिण गोलार्धातील उन्हाळा तीव्र व सुमारे १५४ मंगळदिवसांचा, तर उत्तरेतील उन्हाळा सौम्य व सुमारे १७८ मंगळदिवसांचा असतो.

अवकाश मोहिमांना या गणिताकडे दुर्लक्ष करून चालत नाही. 'नासा'चे 'फिनिक्स' यान २५ मे २००८ रोजी मंगळाच्या उत्तर ध्रुवीय प्रदेशात, तेथील उन्हाळा सुरू होण्याच्या सुमारास उतरले. सौरऊर्जेवर चालणाऱ्या या यानाने तेथील मातीखालच्या बर्फाचा अभ्यास केला. पुढे सूर्य क्षितिजाकडे कलत गेला, वीज अपुरी पडू लागली आणि २ नोव्हेंबर २००८ नंतर त्याचा संदेश आला नाही.

युरेनसची स्थिती आणखी निराळी आहे. त्याचा अक्ष सुमारे ९८ अंशांनी कललेला असल्याने हा ग्रह जणू आडवा पडून सूर्याभोवती फिरतो. त्याचे एक वर्ष पृथ्वीवरील ८४ वर्षांचे असते. म्हणून तेथील प्रत्येक ध्रुवावर सुमारे ४२ वर्षे उजेड आणि तितकीच वर्षे अंधार असतो.

थोडक्यात, ग्रहावर ऋतू होतील की नाही हे प्रामुख्याने अक्षाचा कल ठरवतो. ते किती तीव्र असतील आणि किती काळ टिकतील, यात कक्षेच्या आकाराचाही वाटा असतो.