बावन्न अक्षरांचा शेजार

उल्हासनगरचे नाव निघाले की लोकांना फर्निचरचा बाजार, जीन्स आणि नकली मालाचे विनोद आठवतात. या शहरातले कित्येक पत्ते मात्र अजून बॅरेकच्या नंबरावर चालतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी कल्याणजवळ लष्करी छावणी उभारली. सुमारे ६,००० सैनिक आणि ३०,००० इतर माणसांची तेथे सोय होती. युद्ध संपले आणि छावणी ओस पडली. पुढे फाळणी झाली. ६ जानेवारी १९४८ च्या कराचीतील दंगलीनंतर तर बोटी भरभरून सिंधी हिंदू मुंबई बंदरात उतरू लागले. त्यांतल्या सुमारे एक लाख निर्वासितांना या बॅरेकींत आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी नव्या वसाहतीची कोनशिला बसवली. उल्हास नदीवरून गावाला नाव मिळाले, पण छावणीचे कॅम्प तसेच राहिले. शहाड स्टेशनच्या बाजूचा कॅम्प १ हा माझा मोहल्ला.

अब्बा रत्नागिरी जिल्ह्यातून कारखान्यात नोकरीसाठी शहाडला आले. मुसलमानाला खोली देणार नाही, असे तोंडावर सांगणारे घरमालक त्यांना भेटले. ज्यांनी खोली दिली तेही सिंधीच होते, लारकान्याहून उठून आलेले. आम्ही त्यांना दादा म्हणत असू. लांबच लांब बॅरेक, मध्ये भिंती घालून केलेल्या खोल्या, बाहेर सार्वजनिक नळ. दादांच्या घरची अम्मा खाटेवर पापड वाळत घाली आणि राखण आम्हां पोरांकडे असे. रविवारी त्यांच्याकडून दाल-पकवान येई, ईदला आमच्याकडून शीरखुर्मा जाई. घरात आम्ही कोकणी बोलायचो, बाजारात हिंदी, आणि शाळा उर्दू. शहाडहून कल्याण एकच स्टेशन. तिथल्या उर्दू शाळेत मी लोकलने जात असे.

२६ जुलै २००५ च्या पावसात आमच्या ओळीत गुडघ्यावर पाणी चढले. पाणी ओसरल्यावर दादांची लोखंडी पेटी बाहेर काढली गेली. ओले कागद दोरीवर वाळत घातले तेव्हा मी चमकले. कागदांवरची अक्षरे माझ्या शाळेच्या पुस्तकातल्यासारखी होती! शाळेचा दाखला, घराचे कागद आणि पत्रांचा एक गठ्ठा. दादांना तेव्हा दिसत नव्हते. नातवंडे इंग्रजी शाळेत, त्यांच्यासाठी ती अक्षरे म्हणजे नुसत्या रेघोट्या. दादा मला म्हणाले, "बेटी, पढ़ के सुना."

मी वाचू लागले. उच्चार माझे, अर्थ त्यांचा. मला शब्द कळत नव्हते, त्यांना अक्षर दिसत नव्हते. उर्दूत 'भ' लिहायचा तर 'बे'ला दोचश्मी 'हे' जोडावी लागते, सिंधीत त्याच 'बे'च्या खाली चार नुक्ते दिले की झाले. अशा ठिकाणी मी अडखळले की दादा आधीचा शब्द ऐकून पुढचा सांगत. एक पत्र त्यांच्या लारकान्यातल्या मुसलमान शेजाऱ्याचे होते. अंगणातल्या पेरूला यंदाही फळ धरले आहे, इतकीच त्यात बातमी होती. ते पत्र त्यांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतले.

पुढे बी.एड. करताना भाषाशिक्षणाचा अभ्यास केला तेव्हा या अक्षरांचा इतिहास कळला. सिंध प्रांत १८४७ पासून १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यातच होता. १८५३ मध्ये इंग्रज सरकारने सिंधीसाठी बावन्न अक्षरांची अरबी लिपी ठरवली. त्यापूर्वी व्यापारी आपापल्या वहीखात्याच्या लिप्या वापरत, आणि देवनागरीचा आग्रह धरणारे अधिकारीही होते. पण शाळा, कचेरी आणि छापखाना या नव्या लिपीत चालू लागले आणि हिंदू-मुसलमान दोघांनीही तिच्यातच शिक्षण घेतले. सिंधच्या त्या शिक्षणखात्यात नारायण जगन्नाथ वैद्य हे मराठी अधिकारी होते. कराचीतली एक जुनी सरकारी शाळा आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. फाळणीनंतर भारतात सिंधी देवनागरीत लिहावी की अरबीत, यावर मोठा वाद झाला आणि अखेर दोन्ही लिपी चालू राहिल्या. १० एप्रिल १९६७ रोजी सिंधी भाषा घटनेच्या आठव्या अनुसूचीत आली.

लिपीवरून माणसाचा धर्म ओळखणाऱ्यांनी हा इतिहास वाचावा. ज्यांना मुसलमानांच्या मुलखातून घर सोडून निघावे लागले, त्यांनी आपल्या घराची कागदपत्रे 'मुसलमानी' समजल्या जाणाऱ्या अक्षरांत जपली. आपल्याकडे फाळणीवर बोलायचे टाळतात, कारण तिचा जाब आपल्यालाच विचारला जातो. पण ज्यांचे सर्वस्व तिच्यात गेले त्यांच्या भिंतीला भिंत लावून आपण राहिलो, हेही सांगायला हवे.

आता ती भिंत राहिलेली नाही. बॅरेकी पाडून चार-पाच मजली इमारती झाल्या. परवानगीवाचून इतके मजले चढले की २००६ मध्ये ते नियमित करण्यासाठी राज्य सरकारला खास उल्हासनगरसाठी कायदा करावा लागला. मे २०२१ मध्ये शहरात दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसे दगावली. आता पुन्हा पाडापाडी आणि पुनर्विकासाची भाषा सुरू आहे. घर रिकामे करताना फ्रीज आणि कपाट नेतात, पेटीतले कागद रद्दीत जातात, कारण ते वाचणारे घरात कोणी उरलेले नाही. लहानपणी फाळणी पाहिलेली माणसे आज नव्वदीच्या आसपास आहेत.

उर्दू माध्यमाच्या शिक्षकाला हे परक्याचे दुःख वाटत नाही. आमच्या वर्गातल्या पोरांचे आईबापही इंग्रजी शाळेची चौकशी करतात, आणि त्यांना दोष देता येत नाही. पण दोन पिढ्यांत एखादी लिपी घरातून कशी नाहीशी होते, हे पाहायला आम्हांला लांब जावे लागत नाही.

उर्दू वाचणाऱ्या मुलाला सिंधीची जादा अक्षरे थोड्या दिवसांत शिकवता येतात. कॅम्पातल्या सिंधी म्हाताऱ्यांकडे आपली मुले पाठवावीत. त्यांनी वाचावे, वडीलधाऱ्यांनी अर्थ सांगावा आणि नातवंडांनी तो मराठीत किंवा इंग्रजीत लिहून ठेवावा. सरकारी मदतीची यात गरज नाही. हे काम पुढच्या चार-पाच वर्षांत झाले तरच होईल.