बंदुकीच्या जागी कॅमेरा

उद्यानातील झाडांखाली मांडलेले वन्यपशूंच्या छायाचित्रांचे प्रदर्शन आपण कौतुकाने पाहतो. परंतु चित्रातील वाघ चित्रात यावा, यासाठी पूर्वी कोणाला तरी हातची बंदूक खाली ठेवावी लागली होती, हे सहसा ध्यानी येत नाही.

१९०६ साली अमेरिकेत जॉर्ज शिरास यांची रात्री टिपलेली वन्यपशूंची छायाचित्रे ‘नॅशनल जिऑग्राफिक’मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे संयुक्त प्रांतातील वनाधिकारी फ्रेडरिक वॉल्टर चॅम्पियन यांनी शिवालिकच्या अरण्यात तोच मार्ग धरला. वाघाच्या पाऊलवाटेवर ते बारीक तार ताणून ठेवीत. तारेला पाय लागला की मॅग्नेशियमची भुकटी भडके, आणि वाघ जणू आपले चित्र आपणच काढून घेई. ही चित्रे १९२७ साली ग्रंथरूपाने निघाली. ज्या सरकारच्या खजिन्यातून वाघ मारल्याबद्दल बक्षिसे दिली जात, त्याच सरकारचा हा नोकर होता, हे विशेष!

शिकारी जिम कॉर्बेटही त्यांच्यामुळे कॅमेऱ्याकडे वळले. १९३६ साली हेली राष्ट्रीय उद्यान झाले. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९७३ साली व्याघ्र प्रकल्प. प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे असतात. त्यावरूनच आज गणना होते. २०२२ च्या गणनेत देशात सरासरी ३,६८२ वाघांचा अंदाज निघाला.

गोळीने वाघाचे कातडे मिळत असे. छायाचित्राने त्याची ओळख पटली. आणि ओळखीच्या जिवावर शस्त्र उचलताना मनुष्याचा हात थोडा तरी अडखळतोच.