परतून आलेल्याची नजर

परदेशी राहून घरी आलेल्या माणसाच्या डोळ्यांत आधी भरतात त्या बारीकसारीक गोष्टी: रस्त्यावरचे चालणे, जेवणाची पंगत, पाहुण्याला विचारलेले प्रश्न. त्या क्षुल्लक म्हणून आपण सोडून देतो. पण समाजाची खरी घडण पुष्कळदा तेथेच सापडते. याचा दाखला शोधायला आपल्याला कल्याणबाहेर जावे लागत नाही.

31 मार्च 1865 रोजी कल्याणच्या जोशांच्या घरी यमुना जन्मली. पुढे ती आनंदीबाई जोशी झाली. आगगाडी 1853 साली ठाण्यास आणि 1854 साली कल्याणास पोचली होती. म्हणजे यंत्रयुग तिच्या जन्माआधीच दाराशी आले होते. पण गाडी आली म्हणून चालीरीती बदलल्या असे नव्हे.

1883 च्या फेब्रुवारीत सेरामपूरच्या सभेत आनंदीबाई बोलल्या. अमेरिकेस का जाता, परत आल्यावर जात वाळीत टाकील त्याचे काय, असे लोकांचे प्रश्न होते. रस्त्याने चालताना आपली कशी थट्टा होते हेही त्यांनी सांगितले. आपल्या चालीरीती आपण सोडणार नाही, मग बहिष्काराचे भय कशाला, असा त्यांचा रोकडा जबाब होता. मार्च 1886 मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयातून त्या डॉक्टर झाल्या. ज्या मुलीला आपल्या देशात रस्त्याने सुखाने चालता येत नव्हते, तिने सातासमुद्रापार राहून पदवी मिळवली.

त्याच वर्षाच्या अखेरीस त्या परतल्या, त्या क्षयाने खंगलेल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागाची जागा त्यांची वाट पाहत होती. ती त्यांना घेता आली नाही. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात, बाविसावे वर्ष पुरे होण्याआधीच, त्या गेल्या. परतलेल्या नजरेने त्यांनी काय काय टिपले असते, ते आपल्याला मिळाले नाही.

ते काम पंडिता रमाबाईंनी केले. आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभास त्या हजर होत्या. 1889 साली त्या मायदेशी आल्या आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या लोकस्थितीवर त्यांनी मराठीत पुस्तक लिहिले. त्यात तिथल्या घरांची, शाळांची आणि स्त्रियांच्या मंडळांची वाखाणणी आहे. वर्णद्वेषावर टीकाही आहे. दोन्ही देश एकाच काट्यावर तोलण्याची ही रीत होती.

आणि आपल्याकडे? 1890 साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्याच्या आरोपावरून रानडे, टिळक यांच्यासारख्यांवर वादळ उठले, आणि गोष्ट प्रायश्चित्तापर्यंत गेली. त्यांनी समुद्र ओलांडला नव्हता. प्रश्न फक्त एका पेल्याचा होता. पेला लहान खरा, पण कोण कोणाच्या हातचे घेणार, हा सारा व्यवहार त्यात सामावलेला होता.

आज प्रायश्चित्त कोणी मागत नाही. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत परदेशी मुले असलेली घरे थोडकी नाहीत. मुलगा सुट्टीला येतो आणि म्हणतो, ‘इथे कोणी रांगेत का उभे राहत नाही?’ आपण म्हणतो, ‘चार वर्षांत मोठा साहेब झालास!’ हे बोलून आपण तोच जुना बहिष्कार सौम्य रूपाने चालवतो. त्याचे सारे खरे मानावे असे मी म्हणत नाही. रमाबाईंनी अमेरिकेचेही सारे खरे मानले नव्हते. पण त्याला पुरते बोलू द्यावे, आणि तिकडचे काय खटकले हेही आवर्जून विचारावे. आनंदीबाईंचे ऐकायचे राहून गेले. निदान घरी आलेल्यांचे तरी ऐकून घेऊ या.