नावात गाजर, घराणं वेगळं



गेल्या पावसाळ्यात आमच्या बचत गटातल्या एका ताईंनी बांधावरचं गाजर गवत उघड्या हातांनी उपटलं. हात-मान लाल होऊन खाज सुटली. "नावात गाजर आहे, त्याचा कसला त्रास?" त्या म्हणाल्या. म्हणून आम्ही या नावाचा इतिहास शोधला.

हे तण मूळचं अमेरिका खंडातलं. १९५५ च्या सुमारास ते पुण्यात नजरेस आलं. परदेशी धान्याबरोबर बी आलं, असं मानतात. पान गाजरासारखं, म्हणून लोकांनी नाव दिलं गाजर गवत. घराणं मात्र सूर्यफुलाचं!

गाजराचं खरं घराणं आपल्या मिसळणाच्या डब्यात आहे: जिरे, धने, ओवा, हिंग. शेपू आणि बडीशेपही त्यातलीच. इजिप्तचा राजा तुतनखामेन याची कबर १९२२ साली उघडली, तेव्हा तिच्यात धने सापडले, तेहतीसशे वर्षांपूर्वीचे!

ओळखायचं फुलावरून. बियाण्यासाठी राखलेली कोथिंबीर पाहा. एकाच जागेतून छत्रीच्या काड्यांसारखे देठ फुटतात. गाजर गवताला अशी छत्री नसते. फांद्यांवर चांदण्यांसारखी पांढरी फुलं विखुरतात. म्हणूनच त्याला चटकचांदणीही म्हणतात.

पण छत्री दिसली म्हणजे खायचंच, असंही नाही. इसवी सनापूर्वी ३९९ मध्ये अथेन्समध्ये सॉक्रेटिसला पाजलेलं हेमलॉकचं विष याच घराण्यातलं. अनोळखी रोप तोंडात घालू नका.

आता आमच्या ताई हातमोजे घालून, फुलं यायच्या आधीच गाजर गवत मुळासकट उपटतात. तुम्हीही तसंच करा.