जनरेटर घेताय? आधी लोडची यादी करा, मग दुकानात जा

वळवाचा पाऊस आला की पोल पडतात, डीपी जळतो आणि गावात दोन-दोन दिवस लाईट नसते. मग घाईघाईत जनरेटर आणला जातो. शेजाऱ्याने घेतलाय तसाच, नाहीतर दुकानदार दाखवेल तो. घरी आल्यावर कळतं की दिवे लागतात, पण मोटार उचलत नाही. किंवा एवढा मोठा आणलाय की डिझेल पाजून माणूस थकतो. ही फसगत टाळायची असेल तर खालील गोष्टी माहीत असायला हव्यात.

काय बंद पडून चालणार नाही?

घरात फक्त दिवे, पंखे, टीव्ही आणि मोबाईल चार्जिंग एवढंच चालवायचं असेल तर जनरेटरची गरज नाही. इन्व्हर्टर आणि चांगली बॅटरी पुरते. मोटार चालवायची असेल किंवा लाईट तासन् तास जात असेल तरच जनरेटरचा विचार करावा.

धंद्याचं गणित वेगळं आहे. बंदिस्त पोल्ट्री शेडमधले पंखे उन्हाळ्यात थांबले तर काही मिनिटांतच पक्षी गुदमरायला लागतात. तिथे लाईट जाताच आपोआप सुरू होणारा संच आणि अलार्म हवाच. दूध संकलन केंद्रात दूध ४ अंशांपर्यंत थंड करावं लागतं, उशीर झाला तर दूध नासतं. पिठाच्या गिरणीचं गिऱ्हाईक मात्र संध्याकाळी परत येतं. त्यामुळे गिरणीवाल्याने आधी हिशोब करावा, मग खर्च.

केव्हीए म्हणजे किती वॅट?

जनरेटरची ताकद केव्हीएमध्ये सांगतात. डिझेल संचात साधारणपणे १ केव्हीए म्हणजे ८०० वॅट धरायचे. म्हणजे ५ केव्हीएचा संच ४,००० वॅटपर्यंत लोड घेतो. छोट्या पेट्रोल जनरेटरच्या प्लेटवर दोन आकडे असतात, एक कायम चालणारा आणि एक थोडा वेळ झेपणारा. हिशोब पहिल्या आकड्यावर करायचा.

खरी मेख मोटारीत

मोटार चालताना जेवढी वीज घेते, त्याच्या पाच ते सात पट करंट ती सुरू होताना ओढते. हा धक्का जनरेटरला सोसला पाहिजे. म्हणून नुसती वॅटची बेरीज करून संच घेतला की फसतो. ढोबळ हिशोब असा:

- स्टार-डेल्टा स्टार्टर असेल तर एचपीच्या साधारण दुप्पट केव्हीए. १० एचपीच्या गिरणीला २० केव्हीए.
- डायरेक्ट स्टार्टर असेल तर अडीच ते तीन पट.
- घरी फ्रीज, पंखे, दिवे आणि १ एचपीची पाण्याची मोटार असेल तर निदान ३ केव्हीए. आधी मोटार सुरू करायची, मग बाकीचं.

गरजेपेक्षा फार मोठा संचही नको. डिझेल इंजिन कायम ३० टक्क्यांपेक्षा कमी लोडवर चाललं तर डिझेल पूर्ण जळत नाही, काजळी धरते आणि धूर वाढतो.

पेट्रोल, डिझेल की ट्रॅक्टर?

पेट्रोलचा संच हलका असतो. घर, दुकान किंवा मंडपाच्या कामाला अधूनमधून लागतो तिथे तो बरा. रोज तासन् तास चालवायचा असेल तर १५०० आरपीएमचा डिझेल संच टिकतो. घरी ट्रॅक्टर असेल तर पीटीओवर चालणारा अल्टरनेटर हा तिसरा मार्ग आहे. वेगळं इंजिन विकत घ्यावं लागत नाही, पण तेवढा वेळ ट्रॅक्टर तिथेच अडकतो.

थ्री फेज मोटार असेल तर थ्री फेज संचच लागतो. त्यावर घरचा सिंगल फेज लोड टाकताना तो तिन्ही फेजवर सारखा वाटून घ्यावा.

डिझेलचा हिशोब

एक लिटर डिझेलमध्ये साधारण ३ ते साडेतीन युनिट वीज मिळते. डिझेल ९० रुपये धरलं तर एक युनिट २६ ते ३० रुपयांना पडतं. ५ एचपीचा कृषिपंप आठ तास चालवायला जवळपास ११ लिटर, म्हणजे हजाराच्या घरात खर्च. एखादं पाणी चुकू नये म्हणून ठीक, रोजचं भरणं यावर परवडणार नाही. त्यापेक्षा सौर कृषिपंप बरा. राज्याच्या योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला १० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्केच हिस्सा भरावा लागतो.

जीवावर बेतणाऱ्या दोन चुका

पहिली चूक, दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून जनरेटर थेट घरातल्या सॉकेटला जोडणे. हा करंट मीटरमधून उलटा लाईनवर जातो. डीपीतून तो उलट्या दिशेने ११ हजार व्होल्टपर्यंत वाढतो. लाईट बंद आहे असं समजून पोलवर चढलेला लाईनमन जागेवर जाऊ शकतो. म्हणून चेंजओव्हर स्विच बसवल्याशिवाय जनरेटर जोडायचाच नाही. जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी आणि अर्थिंग नीट द्यावं.

दुसरी चूक, पावसात भिजू नये म्हणून संच पडवीत, गोदामात किंवा बंद खोलीत चालवणे. धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, रंग नसतो. झोपलेला माणूस उठतच नाही. संच बाहेर मोकळ्यावर, दारं-खिडक्यांपासून लांब ठेवावा. वर पत्रा घालावा, पण चारही बाजू मोकळ्या हव्यात.

पैसे देण्याआधी

- सर्व्हिसिंग आणि पार्ट तालुक्याच्या गावी मिळतात का?
- नवा संच सीपीसीबी ४ प्लस मानकाचा आहे का? हे धुराचे कडक नियम १ जुलै २०२३ पासून लागू आहेत.
- जुना घेत असाल तर तासांचं मीटर पाहा आणि आपली मोटार जोडून अर्धा तास चालवून बघा. निळा धूर म्हणजे इंजिन ऑईल जळतंय, तो सौदा सोडून द्या.
- घेतल्यावर दर पंधरा दिवसांनी दहा-पंधरा मिनिटं लोडवर चालवा. ऐन वेळी संच सुरू न होण्याचं नेहमीचं कारण म्हणजे उतरलेली बॅटरी.

दुकानात जाताना प्रत्येक मोटारीचा एचपी आणि स्टार्टरचा प्रकार कागदावर लिहून न्या. तो कागद पाहून दुकानदाराने केव्हीए सांगावा, हीच खरी पद्धत.