सरदारांची शाळा आणि लोकशाहीचे पाठ

इ. स. १८८६ मध्ये इंग्रजांनी ग्वाल्हेरचा किल्ला शिंदे सरकारच्या स्वाधीन केला आणि मोबदल्यात झाशी घेतली. पुढे अकरा वर्षांनी, १८९७ साली, माधवराव शिंदे यांनी ‘सरदार स्कूल’ स्थापन केले. प्रवेशाची अट नावातच होती. सरदार-जहागीरदारांच्या, विशेषतः उत्तरेत स्थिरावलेल्या मराठा घराण्यांच्या मुलांसाठी ही शाळा होती. किल्ल्यावरील सिंदिया स्कूल ती हीच.

१९३३ साली तिचे ‘पब्लिक स्कूल’ झाले व जन्माची अट गेली. फीची अट मात्र राहिली. इंग्रजांच्या ‘पब्लिक’ शाळा सर्वांसाठी नसतात, हा त्या भाषेचा एक चमत्कारच होय.

त्याच वर्षी जर्मनीत कुर्ट हान या शिक्षकास नाझी राजवटीने तुरुंगात टाकले. एक तर हिटलरशी संबंध तोडा, नाही तर सालेमच्या आपल्या शाळेशी, असे त्यांनी तेथील माजी विद्यार्थ्यांना बजाविले होते. सुटकेनंतर ते ब्रिटनमध्ये गेले आणि १९३४ साली स्कॉटलंडमध्ये त्यांनी गॉर्डनस्टाउन ही शाळा काढली. सुशिक्षित तरुण हुकूमशहामागे कसे धावतात, हे हान यांनी डोळ्यांनी पाहिले होते. जबाबदारी, सेवा व साहस यांवरील त्यांचा भर त्या अनुभवाशी ताडून पाहावयास हवा.

त्यांच्या विचारांच्या शाळांचा संघ १९६६ साली स्थापन झाला. गॉर्डनस्टाउनच्या जुन्या वर्तुळाकार पागेवरून त्यास ‘राउंड स्क्वेअर’ हे नाव मिळाले. आंतरराष्ट्रीय सामंजस्य, लोकशाही, पर्यावरण, साहस, नेतृत्व व सेवा ही त्याची सहा तत्त्वे. पुढे त्यांच्या जोडीला जिज्ञासा, करुणा, विविधतेचा आदर असे बारा गुण मांडले गेले. सरदारपुत्रांसाठी निघालेली ग्वाल्हेरची शाळाही या संघाची सभासद झाली. युरोप परिषदेने २०१८ साली लोकशाही संस्कृतीसाठी वीस क्षमतांची अशीच एक चौकट प्रसिद्ध केली. भारतात मुदलियार आयोगाने १९५२-५३ मध्येच लोकशाही नागरिकत्व हे माध्यमिक शिक्षणाचे उद्दिष्ट ठरविले होते.

याद्यांविषयी सहसा मतभेद होत नाही. अडचण येते ती वर्गात. विरोधी मत ऐकून घेण्याची क्षमता उत्तरपत्रिकेत तपासता येत नाही. त्यासाठी विद्यार्थ्यांच्या हाती काही खरे निर्णय द्यावे लागतात, आणि ते चुकले तरी शिक्षकाला काही काळ गप्प राहावे लागते. शिवाय वर्गात भिन्न थरांतील मुले एकत्र नसतील, तर भिन्न मत येणार कोठून? परदेशी शाळेशी विद्यार्थ्यांची देवघेव करणे निवासी शाळेस परवडते. किल्ल्याखाली लष्करच्या गल्ल्यांतील मुलगा त्याच टेबलाशी बसणे अधिक कठीण.

मुलींच्या बाबतीत तर किल्ल्यावरील शाळेचे दार १९३३ नंतरही बंदच राहिले. त्यांच्यासाठी विजयाराजे शिंदे यांनी १९५६ साली सिंदिया कन्या विद्यालय काढले, तेही किल्ल्यावर नव्हे, खाली मोतीमहालाच्या परिसरात.